आधी धडधाकट पिल्लू पाठ कर

पोरी, पिंजरे बसले, माद्या गाभण राहिल्या, आता पहिलं वेत होईल. परवा फोनवर म्हणालीस, "आत्या, पिल्लांच्या आजारांची यादी दे." यादी देते, पण नुसत्या यादीनं आजार सापडत नाही. ससा हा दुसऱ्याची शिकार होणारा जीव. दुखलंखुपलं तरी तो दाखवत नाही, कारण रानात जो दुबळा दिसतो त्याच्यावरच आधी झडप पडते. पिल्लू मलूल होऊन कोपऱ्यात बसलेलं तुझ्या नजरेस येईल तोवर बराच वेळ हातचा गेलेला असेल.

म्हणून माझा कानमंत्र हा: धडधाकट पिल्लू कसं असतं ते आधी पाठ कर आणि वयाच्या हिशेबानं पाठ कर. सशाच्या पिल्लाचं सगळं फार भराभर बदलतं. आठव्या दिवशी मिटलेले डोळे ठीक असतात, तेराव्या दिवशी तोच आजार ठरतो. पाचव्या दिवशी टम्म पोट ही आनंदाची गोष्ट असते, पंचेचाळिसाव्या दिवशी तसंच पोट दिसलं तर धावपळ करायची असते. कुणी म्हणालं, "पिल्लू आजारी आहे," तर पहिला प्रश्न "काय झालंय?" असा नको; "किती दिवसांचं आहे?" असा विचार.

तारीख पिंजऱ्यावर, वजन वहीत

मादी लागल्यापासून 30 ते 32 दिवसांत विते. व्याल्याची तारीख त्याच दिवशी पिंजऱ्याला टांग. स्वयंपाकघरात असतो तसा एक-एक ग्रॅम दाखवणारा डिजिटल काटा घे आणि तो फक्त सशांसाठी ठेव. न्यूझीलंड व्हाइट किंवा सोव्हिएत चिंचिला जातीचं पिल्लू जन्मतः 50 ग्रॅमच्या आसपास भरतं. आठवड्याभरात ते साधारण दुप्पट होतं आणि तीन आठवड्यांत 300 ग्रॅमच्या आसपास जातं. वेत मोठं असेल तर आकडे खाली येतात, त्यामुळे पुस्तकातल्या आकड्यापेक्षा भावंडांशी तुलना खरी. सगळी वाढतायत आणि एकाचंच वजन सलग दोनदा जागच्या जागी आहे, तर ते उड्या मारत असलं तरी आजारी समज. वजन रोज ठरल्या वेळीच कर, नाहीतर पोटातलं दूधच काट्यावर चढतं.

सकाळी खाद्य टाकायच्या आधी दोन मिनिटं लांब उभी राहा. कोण पुढे येतं, कोण मागे राहतं, कोण पाठ कमानीसारखी करून बसलंय, ते हात न लावता बघून घे. मग एकेक उचल आणि नेहमी एकाच क्रमानं तपास: नाक, डोळे, कान, दात, पोट, शेपटीखालची जागा, पाय. क्रम ठरलेला असला की काही सुटत नाही. उचलताना कान कधीच धरायचे नाहीत आणि मागच्या भागाला खालून आधार द्यायचा. सशाच्या मागच्या पायांत ताकद फार आणि पाठीचा कणा नाजूक. हवेत लटकताना त्यानं जोरात लाथ झाडली तर स्वतःचाच कणा मोडून घेतो.

पहिले दहा दिवस पोट आणि ऊब बघ

पिल्लं आंधळी, बहिरी, उघडीनागडी जन्मतात. नव्या माणसाची पहिली घाबरगुंडी ठरलेली: "मादी पिल्लांजवळ बसतच नाही!" ती बसणारच नाही. मादी चोवीस तासांत बहुधा एकदाच, रात्री किंवा पहाटे, तीन-चार मिनिटं पाजते आणि निघून जाते. पिल्लांपाशी घुटमळलं तर शत्रूला बिळाचा पत्ता लागतो, म्हणून निसर्गानंच तिला तसं घडवलंय. दूधही तसंच, गाईच्या दुधाच्या कितीतरी पट घट्ट आणि स्निग्ध. त्यावर दिवस निघतो.

म्हणून मादीवर पाळत ठेवू नकोस, सकाळी पिल्लांची पोटं बघ. प्यालेल्या पिल्लाचं पोट गच्च गोल असतं आणि पातळ कातडीतून आत पांढरं दूध दिसतं. ते भावंडांत शिरून निवांत पडलेलं असतं. उपाशी पिल्लाच्या कातडीला सुरकुत्या पडतात, आणि पेटीला हात लागताच ते तोंड वर करून उसळ्या मारतं.

एकच पिल्लू उपाशी असेल तर ते ढकलाढकलीत मागे पडतंय. मादीला सड बहुधा आठ असतात, कधी दहा. त्याहून जास्त पिल्लं असली की हे होणारच. दुसरी मादी दोन-तीन दिवसांच्या फरकानं व्यालेली असेल तर जास्तीची पिल्लं तिच्याकडे दे. पण सगळं वेतच उपाशी असेल तर पिल्लांना सोड आणि मादीला बघ. कास गरम, कडक, लालसर किंवा निळसर लागली तर तो दगडी आहे. अशा मादीची पिल्लं दुसऱ्या मादीखाली लावू नकोस, ती जंतू तिकडे नेतात आणि दुसरं वेतही जातं. आधी डॉक्टर.

ऊब पिल्लाला स्वतःची धरता येत नाही. पेटीच्या आत 30 ते 32 अंश सेल्सिअस हवं, ते मादीनं उपसलेली लव आणि भावंडांची अंगं मिळून साधतात. एखादं पिल्लू सडाला चिकटून मादीबरोबर पेटीबाहेर येतं आणि पडतं. मांजर पिल्लू तोंडात धरून परत नेते, मादी ससा नेत नाही. सकाळी ते गार, कडक, मेल्यासारखं सापडेल. लगेच टाकून देऊ नकोस. फडक्यात गुंडाळून कोमट पाण्याच्या बाटलीशेजारी ठेव, नाहीतर पदराखाली घे. पुष्कळदा ते परत हलू लागतं. मात्र अंग गरम होईपर्यंत दुधाचा थेंबही नको, गार पोटात दूध पचत नाही.

तुमच्या फलटणकडे एप्रिल-मेमध्ये हेच उलटं होतं. पिल्लं एकमेकांपासून लांब पसरतात, अंग आणि कान लालबुंद होतात, तोंडं उघडी पडतात. तेव्हा लव कमी करायची, पेटी जाळीची घ्यायची, पिंजऱ्यावर ओलं गोणपाट टाकायचं. सशाला घाम येत नाही, अंगातली उष्णता तो मुख्यतः कानांवाटे टाकतो. राजस्थानातल्या अविकानगरला केंद्र सरकारची मेंढी व लोकर संशोधन संस्था आहे, 1962 सालची. तिचं सशांवरचं एक केंद्र मात्र तमिळनाडूत, कोडाईकनालच्या डोंगरातल्या मन्नवनूरला आहे. यावरून या जनावराला कुठली हवा मानवते ते समजून घे.

या दिवसांत आणखी दोन खुणा ध्यानात ठेव. पेटी ओली, पिल्लांची ढुंगणं पिवळ्या पातळ शेणानं माखलेली आणि वास घाणेरडा, किंवा पोटावर आणि मांड्यांच्या आत मोहरीएवढे पांढरे फोड. दोन्हीचं मूळ पुष्कळदा मादीच्या कासेतले किंवा पेटीतले स्टॅफिलोकॉकस जंतू असतात. पेटीतला सगळा पेंढा बदल, त्या वेताला सगळ्यांत शेवटी हात लाव, आणि हात साबणानं धुतल्याशिवाय दुसऱ्या पेटीत घालू नकोस.

ड्रॉपरनं दूध पाजायची हौस आवर. नाकातून दूध आलं म्हणजे ते छातीतही गेलंय असं धर. दोन दिवसांनी पिल्लू तोंडानं श्वास घेऊ लागतं आणि मग फारसं काही हाती उरत नाही. त्यापेक्षा मादीला मांडीवर किंवा पेटीत अलगद धरून पिल्लांना सडाला लावणं बरं.

डोळे दहाव्या ते बाराव्या दिवशी

दहाव्या दिवशी झिरी दिसते, बाराव्यापर्यंत डोळे पुरते उघडतात. बारावा दिवस संपला आणि एखादा डोळा मिटलेलाच राहिला, तर उकळून कोमट केलेल्या पाण्यात चिमूटभर मीठ टाक, कापूस भिजवून पापणीवर थोडा वेळ धर आणि चिकटलेली खपली हलक्या हातानं पुस. बहुतेक वेळा पापण्या सुटतात. ओढून उघडायचं नाही. पापणी टपोरी सुजलेली असेल, दाबल्यावर पू येत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे ने. मिटल्या पापणीआड पू साचत राहिला तर बुबुळ कायमचं जातं. बाकी भावंडांचेही डोळे रोज बघ, कारण घाण पेटीत असते आणि पेटी सगळ्यांची एक.

उघडलेला डोळा काही आठवड्यांनी निळसर, धुरकट दिसू लागला आणि दुसऱ्यापेक्षा मोठा वाटला, तर ती गोष्ट वेगळी. डोळ्यातलं पाणी बाहेर वाहून जात नाही, आतला दाब वाढतो. याला बुफ्थॅल्मॉस म्हणतात. पांढऱ्या न्यूझीलंड सशांत हा दोष घराण्यातून येतो. पुसून किंवा थेंब घालून तो मुळातून जात नाही.

पेटीतून बाहेर आलं की पाय बघ

पंधराव्या-अठराव्या दिवसापासून पिल्लं पेटीबाहेर डोकावतात. तेव्हा चालण्याची ढब बघ. एखाद्याचे पाय अंगाखाली राहत नाहीत, बाजूला फाकतात आणि ते पोटावर सरपटतं. हे फाकलेपण कधी जन्माचं असतं, पण पेटीचा तळ गुळगुळीत असला तरी होतं: पहिल्या दिवसांत पाय रोवायला काहीच मिळत नाही आणि सांधे तसेच वळतात. म्हणून पत्र्याच्या किंवा प्लास्टिकच्या पेटीत तळाला गोणपाट ठोकून वर पेंढा घाल. लवकर ध्यानात आलं तर डॉक्टर पाय बांधून वळण देऊ शकतात. महिना उलटला की फार जमत नाही.

कालपर्यंत नीट पळणारं पिल्लू आज मागचे पाय ओढत असेल तर तो फाकलेपणा नाही. रात्री मांजर किंवा उंदीर पिंजऱ्यापाशी आला, ससा घाबरून उसळला आणि कण्याला मार बसला, असं बहुधा असतं. त्याला पाटावर किंवा पुठ्ठ्यावर सपाट ठेवून डॉक्टरांकडे ने.

दूध सुटतं तेव्हा रोज ताटली वाच

आता नीट ऐक, कारण सगळ्यांत जास्त पिल्लं याच काळात जातात. तीन आठवड्यांच्या सुमारास पिल्लू पाला कुरतडू लागतं. त्यानंतर मादीचं दूध ओसरतं. दुधाचं संरक्षण संपत येतं आणि पोटातले पचनाचे जंतू अजून बसायचे असतात. चौथ्या आठवड्यापासून अडीच-तीन महिन्यांपर्यंत पिल्लाचं आतडं अगदी कच्चं असतं. बाजारात "छोटंसं गोंडस" म्हणून चार आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकतात आणि घरी आणल्यावर आठवड्यात ते दगावतं, त्यामागे हेच. तू निदान पाच-सहा आठवडे मादीखाली ठेव, आणि तोडायचं झालं तर मादी हलव, पिल्लांना त्यांच्याच पिंजऱ्यात राहू दे.

पिंजऱ्याखालची ताटली रोज सकाळी वाचायची. कुणाची लेंडी ते कळत नसेल तर संशय असलेलं पिल्लू दोन-तीन तास वर्तमानपत्रावर वेगळं ठेव.

कोरड्या, गोल, सारख्या आकाराच्या लेंड्या म्हणजे सगळं ठीक. लेंड्या बारीक आणि थोड्या झाल्या तर पिल्लू कमी खातंय. मग दात, पाण्याचं निप्पल आणि पोट तपास. निप्पल तुंबलेलं असणं हे कारण फार वेळा निघतं आणि फार उशिरा सुचतं. बारा तास लेंडीच नाही आणि खाद्यही तसंच पडलंय, तर रात्र असली तरी डॉक्टरांना फोन कर. सशाचं आतडं थांबणं म्हणजे जीव धोक्यात.

पातळ हगवण, कधी रक्ताची झाक, केस विस्कटलेले, पाठीची हाडं हाताला लागतायत आणि पोट मात्र सुटलेलं: महिना ते चार महिन्यांच्या पिल्लात असं दिसलं की कॉक्सिडिओसिसची शंका आधी घे. कोंबड्यांत हा रोग तू ऐकलायस, सशाचे त्याचे जंतू वेगळे. एक प्रकार आतड्यात राहतो, दुसरा यकृतात जातो. यकृताच्या प्रकारात हगवण नसतेही, पिल्लू नुसतं खंगत जातं. शवविच्छेदनात यकृत मोठं झालेलं आणि त्यावर पांढरट-पिवळ्या गाठी दिसतात. लेंडीची तपासणी सूक्ष्मदर्शकाखाली केली की निदान पक्कं होतं.

त्यावरचा खरा उपाय खराटा. लेंडीतून पडलेली त्याची अंडी लगेच लागण करत नाहीत. ओल आणि ऊब मिळाली की ती तयार व्हायला दोन-तीन दिवस लागतात. त्याआधी ताटली साफ झाली तर साखळी तुटते. म्हणून रोज साफसफाई, आणि पावसाळ्यात दोनदा. फिनेलनं ही अंडी मरत नाहीत. उकळतं पाणी, आगीची बत्ती आणि कडक ऊन यांना मात्र ती हरतात. खाद्याचं भांडं असं टांग की त्यात लेंडी पडू नये.

लेंडीऐवजी पारदर्शक चिकट जेली पडली तर तो वेगळा रोग, म्युकॉइड एन्टेरोपॅथी. बहुधा दोन-तीन महिन्यांच्या पिल्लांत येतो. पिल्लू कुबड काढून बसतं, दात करकरा वाजवतं, कान गार पडतात, आणि अलगद हलवलं तर पोटात पाणी डुचमळल्याचा आवाज येतो. यात अंग तापत नाही, उलट गार होतं. सशाचं नेहमीचं तापमान 101 ते 104 अंश फॅरनहाइट असतं. 100च्या खाली गेलेलं पिल्लू तापलेल्या पिल्लाहून जास्त संकटात असतं. थर्मामीटर कसा लावायचा ते डॉक्टरांकडून एकदा शिकून घे.

संध्याकाळी खेळणारं पिल्लू सकाळी मेलेलं, शेपटी काळपट पातळ हगवणीनं भरलेली, असं झालं तर क्लॉस्ट्रिडियम जंतूंच्या विषाचा संशय धर. खाद्य एकदम बदललं, पिठाळ खुराक जास्त झाला किंवा चुकीचं अँटिबायोटिक पोटात गेलं की हे जंतू उसळतात. म्हणून नवं खाद्य जुन्यात मिसळत आठ-दहा दिवसांत बदलायचं. भाकरी, चपाती, बिस्किट बंद. चारा दव आणि पाणी सुकवून, पण आंबू न देता द्यायचा. लसूणघास थोडा, वाळलेलं गवत भरपूर. कोबी-फ्लॉवरची पानं या वयात नकोत, पोट फुगतं. बुरशीचा वास येणारी भुईमुगाची पेंड अजिबात नको. आणि बांधावर सुबाभूळ आहे म्हणून तोच रोज टाकू नकोस. त्यातल्या मिमोसिननं केस गळतात. पोरं म्हणतात खरूज झाली, औषधं लावतात, आणि कारण चाऱ्यात असतं.

जन्मखोड वेळेवर ओळख

काही दोष पिल्लू पोटातूनच आणतं, पण दिसतात पुढे. तिसऱ्या आठवड्यापासून दर आठवड्याला ओठ वर करून दात बघ. वरचे पुढचे दात खालच्यांच्या किंचित पुढे हवेत. खालचे पुढे आले किंवा टोकाला टोक भिडलं, तर दात झिजणार नाहीत. सशाचे दात जन्मभर वाढतात, समोरचे आठवड्याला दोन मिलिमीटरच्या आसपास. मग हनुवटी ओली राहते, गवत तोंडातून गळतं आणि समोर खाद्य असून पिल्लू वाळत जातं. दात पक्कडीनं तोडू नकोस, उभे चिरतात. डॉक्टर मशीननं घासून देतात.

पुण्याच्या तुझ्या मैत्रिणीकडे ती बुटकी, आखूड कानांची जात आहे ना, तिला एक सांग. दोन अस्सल बुटके लावले की सरासरी चौथा हिस्सा पिल्लं दोन्हीकडून बुटकेपणाचा गुण घेऊन येतात. भावंडांच्या निम्म्याएवढी, डोकं फुगीर, मागची बाजू बारीक. ती बहुधा काही दिवसांतच जातात, दूध पाजून वाचत नाहीत. त्यात मादीचा किंवा मैत्रिणीचा काही दोष नाही. तसंच ठिपकेवाल्या जातीत ठिपकेवाला नर आणि ठिपकेवाली मादी लावली की काही पिल्लं जवळजवळ पांढरी निघतात. त्यांतल्या कित्येकांचं मोठं आतडं नीट चालत नाही. लेंड्या मोठ्या, वेड्यावाकड्या, बुळबुळीत पडतात आणि पिल्लू भरपूर खाऊनही अंग धरत नाही.

डोकं घुमटासारखं फुगलेली पिल्लं एकाच मादीला पुन्हा झाली तर तिच्या खाद्यात अ जीवनसत्त्व कमी पडतंय का ते डॉक्टरांना विचार. हिरवा चारा बंद होऊन नुसतं वाळलेलं खाल्लं तर हे होऊ शकतं. स्वतःहून गोळ्या देऊ नकोस, त्याचा अतिरेकही पोटातल्या पिल्लांना बाधतो.

दात, डोळा, पाय यांचा असा दोष वेतात निघाला तर ती नर-मादीची जोडी पुन्हा लावायची नाही आणि ते पिल्लू पैदाशीला ठेवायचं नाही. दिसायला कितीही देखणं असो. वहीत जोडी लिहिलेली असली की हे जमतं.

नाक, कान, मान, कातडी

शिंक एखादी चालते. नाकाशी पांढरट चिकट शेंबूड आणि पुढच्या पंजांच्या आतल्या बाजूचे केस चिकटलेले दिसले, तर सर्दी जुनी आहे. ससा नाक पंजानं पुसतो, म्हणून शेंबूड नाकावर नसला तरी पंजावर सापडतो. यामागे बहुधा पाश्चुरेला जंतू असतात, आणि त्यांना वाट करून देते ती मुताची वाफ. पिंजऱ्याच्या उंचीला वाकून श्वास घे. तुझ्या डोळ्यांना झोंबलं तर पिल्लं ती हवा रात्रंदिवस ओढतायत.

मान एका बाजूला वळली, डोळे आपोआप हलतायत, पिल्लू गोल गोल लोळतंय: हा आतल्या कानाचा संसर्ग असू शकतो किंवा मुतातून आणि आईच्या पोटातून पसरणारा एन्सेफॅलिटोझून नावाचा परजीवी. फरक डॉक्टरांनाच कळतो. तोवर पिल्लू वेगळं ठेव, कडेनं कापडाच्या गुंडाळ्या लाव आणि पाणी तोंडाशी धर.

कानात तपकिरी पापुद्रे, नाकाच्या टोकावर आणि नखांच्या मुळाशी पांढरी खपली, सततची खाज: ही लूत. केस गोलाकार गेलेत, कडेला कोंडा आहे पण खाज फारशी नाही: ते गजकर्ण, आणि ते घरातल्या मुलांना लागतं. मुलांना त्या पिल्लापासून लांब ठेव. पावसाळ्यात शेपटीखालचे केस ओले राहिले तर माशी बसते आणि दिवसभरात अळ्या पडतात. त्या मोसमात शेपूट दोन वेळा उचलून बघायची.

याला घाबरू नकोस

मूत पांढरट, गढूळ दिसलं तर तो कॅल्शियम, सशाच्या मुतातून तो नेहमीच जातो. मूत सारखं लाल किंवा नारिंगी आलं तर पुष्कळदा पाल्यातला रंग असतो. दोन-तीन दिवस चारा बदलून बघ. मात्र लाल गुठळ्या किंवा धागे दिसले, कुंथत असेल, तर ते रक्त, डॉक्टरांना दाखव.

ससा तोंड शेपटीखाली नेऊन मऊ, चकचकीत घोस खातो तेव्हा त्याला अडवू नकोस. ती त्याची दुसऱ्यांदा पचवायची शिदोरी, जीवनसत्त्वांनी भरलेली. उलट ते घोस ताटलीत तसेच पडलेले दिसले तर खुराक जास्त झालाय किंवा पिल्लाला वाकताना दुखतंय. पेटीतली पिल्लं मादीच्या लेंड्या चघळतात तेही ठीक. पोटातले जंतू तिथूनच मिळतात.

आणि ऊसतोडीत कुणी पिल्लू उचलून आणलं, अंगावर केस आणि डोळे उघडे, पण मुठीत मावेल एवढं, तर ते आपल्या जातीचं नाहीच. तो रानससा. तो असाच जन्मतो आणि आई त्याला एकटा ठेवून चरायला जाते. त्याला 1972च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. उचललं तिथेच लगेच परत ठेवायला सांग, जखमी असेल तर वनखात्याला कळव. तुझ्या पिंजऱ्यात घेऊ नकोस.

औषधाच्या बाटलीआधी फोन

घरात शेळीचं, कुत्र्याचं, माणसाचं औषध असतं आणि हात तिकडे जातो. सशाला ॲमॉक्सिसिलिन, ॲम्पिसिलिन, लिंकोमायसिन, क्लिंडामायसिन तोंडावाटे दिलं तर आतड्यातले चांगले जंतू मरतात आणि ससाही जातो. कुत्र्याच्या पिसवांवरचं फिप्रोनिल सशाला विषारी आहे. लुतीवरचं आयव्हरमेक्टिन चालतं, पण मात्रा डॉक्टरांनी वजन बघून ठरवायची. ससा ओकू शकत नाही, पोटात गेलेलं चुकीचं औषध बाहेर येत नाही. उपाशी ठेवणं हाही इलाज नाही. हगवण असली तरी वाळलेलं गवत आणि पाणी समोर हवंच, बंद करायचा तो खुराक.

गावचे डॉक्टर गाई-म्हशींत मुरलेले असतात, ससे त्यांच्याकडे क्वचित येतात. शंका राहिली तर शिरवळचं क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय तुम्हाला जवळ आहे. एकामागून एक पिल्लं मरायला लागली तर पुण्यात औंधची रोग अन्वेषण प्रयोगशाळा आहे. मेलेलं पिल्लू पुरून टाकू नकोस. प्लास्टिकच्या पिशवीत घालून बर्फावर ठेव, गोठवू नकोस, आणि त्याच दिवशी पोचव. एका मेलेल्या पिल्लाच्या तपासणीतून बाकीची वाचतात.

जाताना वही ने. डॉक्टरांसमोर "खात नाही, मलूल आहे" एवढंच सांगू नकोस. वय किती दिवस, आजचं आणि चार दिवसांपूर्वीचं वजन, शेवटची लेंडी कधी आणि कशी पडली, आठवड्यात खाद्यात काय बदललं आणि भावंडं कशी आहेत, ही पाच उत्तरं दे. ताज्या लेंड्या डबीत घालून सोबत घे. ही पाच उत्तरं न अडखळता आली की आजार अर्धा ओळखल्यासारखाच. उरलेला अर्धा डॉक्टरांचा.